हिरड्यांचा दाह आणि आपला मेंदू

सकाळीं दांत घासतांना चूळ तांबूस आली, तर आपण काय करतों? ब्रश बदलतों, फार तर मंजन बदलतों, आणि गोष्ट विसरून जातों. पायाच्या जखमेंतून रोज असें रक्त येत असतें, तर आपण डॉक्टरांना गांठल्यावांचून राहिलों नसतों.

हें रक्त येतें कसें? दांत आणि हिरडी यांच्या सांध्यांत जंतूंचा चिकट थर सांचतो. १९६५ सालीं डेन्मार्कमधील ऑरहूस येथें हॅराल्ड ल्यो व त्यांचे सहकारी यांनीं १२ निरोगी माणसांना दांत घासणें बंद करावयास लावलें. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. घासणें पुन्हां सुरू होतांच तो ओसरला.

परंतु हा थर वर्षानुवर्षें राहिला, तर त्याचें कीटण बनतें, दांताभोंवतीं खळगे पडतात आणि हाड झिजतें. खळग्याचें अस्तर उघड्या जखमेसारखें असल्यामुळें घांस चावतांनाही जंतु रक्तांत शिरूं शकतात. त्यांच्याशीं झुंजण्यासाठीं शरीरानें निर्माण केलेलीं दाहकारक द्रव्यें रक्ताबरोबर सर्वत्र फिरतात. मधुमेहाशीं तर हें नातें दुहेरी आहे: मधुमेहानें हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांवर उपचार केल्यास रक्तांतील साखर थोडी उतरते.

आतां मेंदूकडे वळूं. अल्झायमर या स्मृतिनाशाच्या विकारानें मृत्यु पावलेल्यांच्या मेंदूंत हिरड्यांतील एका जंतूचीं विघातक प्रथिनें आढळल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु त्या प्रथिनांना रोखणारें औषध रोग्यांना देऊन पाहिलें, तेव्हां त्यांची घसरण एकंदरींत थांबली नाहीं, असें २०२१ सालीं दिसून आलें. शिवाय ज्याची स्मृति ढळूं लागली, तो दांत घासावयासही विसरतो. तेव्हां कारण कोणतें आणि परिणाम कोणता, हें ठरविणें सोपें नाहीं. संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाहीं, एवढेंच आज म्हणतां येतें.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, हें इतिहास सांगतो. १९१० सालीं विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यानें माँट्रिअल येथील व्याख्यानांत अनेक रोगांचें मूळ तोंडांतील पुवांत असल्याचें मांडलें. पुढें कित्येक वर्षें धडधाकट दांतही उपटले गेले. न्यू जर्सींतील ट्रेंटन येथें हेन्री कॉटन यांनीं मनोरुग्णांचे दांत काढलेच, पण आंतड्यांपर्यंत शस्त्र चालविलें. वेड बरें झालें नाहीं. माणसें मात्र दगावलीं.

म्हणून आपण ना भ्यावें, ना दुर्लक्ष करावें. दिवसांतून दोनदां मऊ ब्रशानें हिरडीच्या कडेनें हळुवार घासावें. दांतांच्या फटीही स्वच्छ कराव्या. मिश्री व तंबाखू सोडावी. रक्त येतच राहिलें, तर दंतवैद्याकडून कीटण काढून घ्यावें. त्यानें दांत सैल होतात ही समजूत चुकीची आहे. सैल झालेला दांत कीटणाच्या आधारानें उभा असतो, एवढेंच.

मेंदू यानें वांचेल कीं नाहीं, तें काळ ठरवील. दांत मात्र खात्रीनें वांचतील, आणि म्हातारपणीं भाकरी चावतां येणें हा कांहीं लहान लाभ नव्हे.