भ्रूण निवडणारा संगणक

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात फलन झाल्यावर सोळा-अठरा तासांनी बीजात दोन केंद्रकं दिसतात. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी होतात. पाचव्या दिवशी तयार होतो ब्लास्टोसिस्ट. त्याच्या आत बाळ घडवणाऱ्या पेशींचा पुंजका असतो आणि बाहेर पुढे वार होणारा थर. अशा चार-पाच भ्रूणांपैकी आधी कोणता गर्भाशयात सोडायचा, हे आजवर भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून बघून, श्रेणी देऊन ठरवत आले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा भिस्त माणसाच्या डोळ्यांवरच होती.

आता इनक्युबेटरमध्येच कॅमेरा असतो. भ्रूण बाहेर न काढता दर काही मिनिटांनी छायाचित्र निघतं. पूर्वी सोडलेल्या हजारो भ्रूणांपैकी कोणते रुजले, कोणते नाही, हे चित्रांसह शिकलेला संगणक नव्या भ्रूणाला गुण देतो. नाशिकमध्ये उपचार घेणाऱ्या जोडप्यांच्या कानावरही 'एआय' हा शब्द आता पडू लागला आहे. सुरगाणा-कळवणहून येणाऱ्या, कर्ज काढून उपचार घेणाऱ्या जोडप्याला त्याचा खरा अर्थ कळायलाच हवा.

२०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलिया आणि युरोपातली १४ केंद्रं, १,०६६ रुग्ण. संगणकाने भ्रूण निवडलेल्या गटात गर्भधारणा ४६.५ टक्के, तज्ज्ञांच्या गटात ४८.२ टक्के. संगणक तज्ज्ञांपेक्षा उणा नाही, एवढंही त्यातून सिद्ध झालं नाही. वेळ मात्र खूप वाचला: साडेतीन मिनिटांचं काम २१ सेकंदांत. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हा लाभ मोठाच आहे, पण तो गर्भधारणेचा लाभ नव्हे.

गर्भधारणा न वाढण्याचं एक कारण जीवशास्त्रात आहे. वय वाढतं तशा स्त्रीबीजातल्या गुणसूत्रांच्या चुका वाढतात, आणि छायाचित्रातून त्या खात्रीने दिसत नाहीत. निवड कितीही नेमकी असली तरी तिच्यामुळे भ्रूण सुधारत नाही. नेमक्या निवडीचा खरा उपयोग मला दिसतो तो एका वेळी एकच भ्रूण सोडण्यात. त्यामुळे जुळ्यांची, त्यांच्यासोबत येणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची जोखीम बरीच कमी होते. त्यासाठी आपल्याकडच्या स्त्रियांच्या नोंदींवर संगणक तपासून घ्यावा लागेल.

म्हणून जोडप्याने पहिल्यांदा विचारावं, आमचे ब्लास्टोसिस्ट किती तयार झाले? एकच असेल, तर निवडायला काही उरतच नाही, आणि निवडीचे वेगळे पैसे घेण्यालाही आधार राहत नाही.