वीस रुपयांचा तरोटा आणि मूठभर राळा

माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा तरोट्याची भाजी पैसे देऊन घेतली, तो दिवस ९ ऑगस्ट २०२३. जागतिक आदिवासी दिनाचे निमित्त साधून आपल्या राज्याचा कृषी विभाग २०२० पासून रानभाजी महोत्सव भरवत आला आहे. त्याचे पाहून इतर संस्था आणि मंडळेही असे महोत्सव भरवू लागली. आम्ही गेलो तो अशाच एका मंडळाचा. कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईला सोबत घेतले.

मांडवात टेबलांवर पांढरे कापड. त्यावर तरोटा, कुर्डू, घोळ, पाथरी, केना, आघाडा, करटुली. प्रत्येक भाजीपुढे पाटी : नाव, शास्त्रीय नाव, औषधी गुणधर्म. आईला वाचता येत नाही. तिने पाटी न वाचता सगळ्या भाज्या ओळखल्या आणि दोन पाट्यांची अदलाबदल झाल्याचेही मला हळूच सांगितले. मग तरोट्याच्या जुडीला हात लावून तिने भाव विचारला. वीस रुपये! "आगं बया, तरोट्याला बी पैसं?" म्हणून ती हसली. घेतली मात्र. घरी येईपर्यंत ती जुडी तिने पिशवीत टाकली नाही, हातातच धरली होती.

१९७२ च्या दुष्काळात आई चौदा-पंधरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सरकारी सुकडी खायची आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी गिळायची. पाण्याचे एखादे शिंतोडे पडले की बांधाला जे हिरवे उगवेल ते खुडून आणायचे. तेल नव्हतेच. तरोटा उकडायचा, पाणी पिळून टाकायचे, मीठ-मिरची लावायची. तरोट्यानेच त्या वर्षी आमच्या घरातली माणसे जगवली, असे ती सांगते.

आणि मी? मी त्याच तरोट्याची लाज बाळगून वाढले. शाळेत मुली डब्यात पोळी आणायच्या. माझ्या डब्यात जोंधळ्याची भाकरी आणि घोळीची भाजी. एकदा एका मुलीने नाक मुरडले. त्यावरून मी घरी दोन दिवस आईशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी आईने कुठून तरी वाटीभर गहू उसने आणले. ते वाटीभर गहू तिने कसे फेडले हे मी कधी विचारले नाही. नोकरी लागल्यावर तर आमच्या घरातून भाकरी जवळजवळ हद्दपारच झाली. आम्ही सुधारलो, असे मला वाटायचे.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही, हे वाचक बंधू-भगिनींना सांगायला नको. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले, तेव्हा आपल्या आया-आज्यांचा स्वयंपाक पुस्तकात लिहिण्याजोगा असतो हे अनेकांना प्रथमच पटले. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. पण पुस्तक येणे वेगळे आणि ताटात सन्मानाने वाढले जाणे वेगळे.

त्या मांडवात पाककला स्पर्धाही होती. पहिला क्रमांक चीज घातलेल्या तरोट्याच्या कटलेटला मिळाला. मला कटलेटचा राग नाही. चवीला बरेच होते. पण भाज्या खुडून आणणाऱ्या बाया मांडवाच्या बाहेर पोत्यावर बसल्या होत्या. व्यासपीठावर त्यांच्यापैकी एकही नव्हती. माहिती सांगणारे वेगळे, बक्षीस घेणारे वेगळे, आणि चिखल तुडवून आणणारे वेगळे. ही विभागणी आपल्याला फार जुनी ओळखीची आहे, नाही का?

हे मी आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत बोलून दाखवले. तेव्हा एक ताई म्हणाल्या, "मग एकदा जहीराबादची जत्रा बघून ये. तिथे बायाच मालकिणी आहेत." परळी-विकाराबाद लोहमार्गावर उदगीर, भालकी, बिदर आणि मग जहीराबाद. एवढ्या जवळ असून आम्हाला पत्ता नव्हता. २०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि आईसह गाडीत बसले.

जहीराबाद हा पूर्वीच्या मेदक, आताच्या संगारेड्डी जिल्ह्यातला भाग. तेलंगणाचाच, पण कर्नाटकाला टेकलेला. तिथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. पस्तापूर हे तिचे गाव. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश मार्च २०२३ मध्ये वारले. भरडधान्यासाठी आयुष्य वेचलेला माणूस. पण संस्थेचा कणा म्हणजे गावोगावचे महिलांचे संघम. या संघमच्या बहुसंख्य बाया दलित, अल्पभूधारक, आणि माझ्या आईसारख्याच निरक्षर.

त्यांची 'पाता पंटला जातरा', म्हणजे जुन्या पिकांची जत्रा, गेली पंचवीसेक वर्षे भरते आहे. संक्रांतीला निघते आणि सुमारे महिनाभर चालते. जत्रा एका जागी भरत नाही, तीच गावोगाव जाते. बैलगाड्या सजवतात, कणसांची तोरणे बांधतात. गाडीत मडक्यांतून, टोपल्यांतून बियाणे मांडलेले असते : जोंधळा, बाजरी, नाचणी, राळा, सावा, कोद्रा, तूर, हुलगा, मटकी, चवळी, पावटा, तीळ, जवस, करडई, अंबाडी. जोंधळ्याचेच किती प्रकार! पिवळा, लाल, पांढरा. गाड्यांपुढे बाया गाणी म्हणत, फेर धरत चालतात. गावात गाड्या शिरल्या की घराघरातून बाया बाहेर येतात. मग पारावर किंवा शाळेच्या आवारात बैठक बसते. यंदा काय पेरले, काय गेले, कुणाकडे कोणते बी शिल्लक आहे, यावर बोलणे होते. आम्ही बघितलेल्या बैठकीत बाया बोलत होत्या आणि पुरुष मागे उभे राहून ऐकत होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते. गाड्या आल्या की तिथे बियाण्याला हळदकुंकू वाहतात, ओवाळतात. आमच्यासारख्या बौद्ध बाईला ते खटकते. मी बाजूला उभी राहिले. आई मात्र पुढे होऊन टोपल्यांत वाकून बघत होती. तिला पूजेत रस नव्हता. तिला राळा दिसला होता.

"आमच्या मायच्या घरी व्हता. राळ्याचा भात करायची." चाळीस-पन्नास वर्षांनी ती राळा बघत होती. उदगीरकडची असल्याने तिला मोडकीतोडकी कानडी येते, थोडी दखनी येते. तिथल्या बायांनाही येते. दहा मिनिटांत ती एका म्हातारीला "अक्का, अक्का" करत तिच्याशेजारी जाऊन बसली. मला, बी.कॉम. झालेल्या मुलीला, भाषा येत नव्हती म्हणून मी मागे बसले. त्या दिवशी आमच्या दोघींच्या जागा बदलल्या होत्या.

या बायांची शेती कशी आहे ते सांगते, कारण जत्रेचा खरा अर्थ त्यात आहे. सरकारने भूमिहीनांना वाटलेली जमीन कसली असते हे आपण जाणतो. मुरमाड, उताराची, कुणाला नको असलेली. अशा एका एकरात या बाया दहा-वीस पिके एकत्र पेरतात. राळा ऐंशी-नव्वद दिवसांत हाती येतो, जोंधळा त्यानंतर, तूर सगळ्यांत शेवटी. पाऊस मध्येच दडला तर एक पीक जाते, दुसरे तरते. तूर आणि कडधान्ये जमिनीला नत्र देतात, त्यामुळे विकतच्या खतावाचून भागते. तणनाशक मारत नाहीत. म्हणून पिकांच्या मधून घोळ, तांदुळजा, कुर्डू आपोआप उगवतात आणि भाजीचा प्रश्न सुटतो.

हे ऐकताना मला आमच्याकडच्या मांडवातल्या त्या पाट्या आठवल्या. आमच्याकडे या भाज्या 'दुर्मीळ' कशाने झाल्या? सोयाबीनवर तणनाशक फवारतो, त्यात त्या जळतात. सालभर मारायच्या आणि वर्षातून एक दिवस पांढऱ्या कापडावर मांडायच्या!

दुसरी गोष्ट हिशेबाची, म्हणून मला अधिक रुचली. १९८३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात दोन रुपये किलो तांदूळ सुरू झाला. गरिबाच्या पोटाला तो आधार होता, त्याला नावे ठेवणे बरोबर नाही. पण त्या तांदळापुढे जोंधळा मागे पडला आणि कोरडवाहू जमिनी पडीक राहू लागल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास या संघमनी केंद्राच्या ग्रामविकास खात्याच्या मदतीने वेगळा मार्ग काढला. पडीक जमीन असलेल्या कुटुंबाला नांगरट, खत, बियाणे यासाठी कर्ज द्यायचे आणि फेड पैशात न घेता जोंधळ्यात घ्यायची, काही वर्षांच्या हप्त्यांनी. तो जोंधळा गावातच साठवायचा आणि पावसाळ्यात, घरातली कणगी रिकामी होते तेव्हा, गावातल्या सर्वांत गरीब घरांना स्वस्तात द्यायचा. सर्वांत गरीब कोण हे गावाने उघड्यावर बसून ठरवायचे.

कर्ज रोखीत आणि फेड धान्यात! पदवीच्या तीन वर्षांत हे मला कुणी शिकवले नव्हते. सुगीत भाव पडलेला असताना शेतकऱ्याला कर्जापायी धान्य विकावे लागत नाही. भाव चढला तर निधीची किंमत आपोआप वाढते. वाहतूक नाही, मोठे गोदाम नाही, दलाल नाही. माझ्यासारखीला त्यात एकच शंका होती : पाऊस गेला तर फेड कशी? ती मी विचारली. सवलत द्यावी लागते, असे उत्तर मिळाले. ती बाई हसली नाही की लपवलेही नाही.

बियाण्याचाही असाच व्यवहार. बी विकत नाहीत. राख आणि कडुनिंबाचा पाला घालून, शेणामातीने लिंपलेल्या टोपल्यांत ठेवतात. घेणाऱ्याने पीक आले की घेतल्यापेक्षा जास्त परत आणायचे. माचनूर गावी १५ ऑक्टोबर २००८ पासून त्यांचे 'संघम रेडिओ' केंद्र आहे. जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोन दलित तरुणींनी ते उभे केले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१९ साली संस्थेला इक्वेटर पुरस्कार दिला. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून हेच सांगत होत्या, तेव्हा त्यांना मागासलेल्या म्हणत.

आता आपल्याकडे वळते. मराठवाड्यात आपल्या माणसांच्या हाती जी गायरान जमीन आहे, ती फुकट मिळालेली नाही. १९५९ चा आणि १९६४-६५ चा दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा भूमिहीनांचा सत्याग्रह, पुढची अतिक्रमणे, मारहाणी, खटले. मग १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची काही अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही सातबारासाठी आजही अनेकजण तहसीलचे उंबरे झिजवत आहेत. एवढे करून हाती आलेल्या त्या दोन-तीन एकरांत आम्ही काय पेरतो? सोयाबीन. बियाण्याची पिशवी उधारीवर, तणनाशक उधारीवर, भाव दुसऱ्याच्या हातात. सोयाबीनची भाकरी होत नाही. शेत आपले, आणि पीठ दुकानातले!

माझा भाऊही हेच करतो. मी त्याला दोष देत नाही. मुलीच्या शिक्षणाला रोख पैसा लागतो आणि राळ्याला बाजार समितीत गिऱ्हाईक कोण? हा प्रश्न खरा आहे आणि जहीराबादच्या बायांनाही तो पुरता सुटलेला नाही. तिथेही कापूस आणि ऊस शिवारात दिसतोच. म्हणून सगळे सोयाबीन मोडा असे मी म्हणणार नाही. पण घरच्या ताटापुरते चार तास? विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत नाहीतरी आपण जमतो, आणि तेच दिवस रानभाज्यांचे. त्यातल्या एका रविवारी प्रत्येकीने आपल्या बांधावरची एक भाजी आणि घरातले एक बी आणले, आणि वयस्क बायांना पुढे बसवून त्यांना बोलू दिले, तर? २०२४ च्या वर्षावासात आम्ही ते केले. पंधरा-सोळा जणी आल्या. कटलेट नव्हते. भाकरी, तरोटा, अंबाडीची भाजी आणि ठेचा. एका सुनेला आपल्या सासूला एवढे काही येते हे त्या दिवशी कळले. एक तरुण मुलगी मात्र म्हणाली, "ताई, हे खाल्लं की मला गरिबीच आठवते." तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. मीही कधीकाळी वाटीभर गव्हासाठी रुसले होते.

जहीराबादहून निघताना त्या म्हातारीने आईच्या पदरात मूठभर राळा बांधला होता. पैसे घेतले नाहीत. पीक आल्यावर दोन मुठी परत आणायच्या, एवढीच अट. आईने तो राख लावून डब्यात ठेवला, आणि २०२४ च्या जूनमध्ये भावाच्या मागे लागून बांधालगत दोन तासांत पेरायला लावला. निम्मा पाखरांनी खाल्ला. भाऊ म्हणाला, मी सांगितलेच होते. उरलेला आईने स्वतः खुडला, सुपात मळला, पाखडला. भात शिजवण्याइतका नव्हता. तिने मोजून दोन मुठी बाजूला काढल्या, माझ्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधल्या आणि उरलेले बी पुन्हा डब्यात टाकले.

मग मला म्हणाली, "संक्रातीच्या गाडीचं तिकीट काढून ठिव."