देवमासा आणि पंचवीस कँडलचा दिवा

कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या चाळींत विजेच्या दिव्याची ताकद वॉटपेक्षा 'कँडल'मध्ये सांगायची सवय होती. 'पंचवीस कँडलचा दिवा' हे शब्द मी लहानपणी पुष्कळ ऐकले. ही कँडल कोणती, याचा माग काढताना मी थेट देवमाशापाशी पोहोचलो.

1860 साली लंडनच्या गॅसदिव्यांसाठी ब्रिटिश संसदेने कायदा केला. त्यात उजेडाचे माप ठरले एका मेणबत्तीवरून. ही मेणबत्ती स्पर्म व्हेलच्या डोक्यातून मिळणाऱ्या पांढऱ्या मेणाची. एका पौंडात सहा बसणारी आणि तासाला 120 ग्रेन, म्हणजे सुमारे पावणेआठ ग्रॅम जळणारी. हे मेण स्वच्छ आणि एकसारखे जळे. पुढे विजेचे दिवे आले, तरी मापाचे नाव टिकले.

देवमाशाचे तेल मात्र ठाणे जिल्ह्याच्या घरगुती दिव्यांत रुळले नाही. न्यू बेडफर्ड आणि नँटकेटची जहाजे देवमाशांमागे हिंदी महासागरापर्यंत येत, त्या काळात इथे तिळाचे तेल, खोबरेल, करंजेल, किनारपट्टीला उंडीचे कडू तेल जळत असे. कारण साधे आहे: बिया दाराशी होत्या आणि घाणा गावात होता. देवघरातल्या समईत जलचराची चरबी कोणी घातलीही नसती.

1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागले. त्यापासून निघालेल्या दिव्याच्या तेलाने तिकडे देवमाशाचे तेल मागे सारले, इकडे करंजेल. आपण त्याला 'रॉक ऑइल'वरून रॉकेल आणि 'गॅसलाइट'वरून घासलेट म्हणू लागलो. रिकाम्या डब्याच्या पत्र्यापासून चिमण्या झाल्या. पण त्यामुळे देवमासा वाचला, असे नाही. साबण, मार्गारीन आणि वंगणासाठी विसाव्या शतकात त्याची शिकार आणखी वाढली. व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी थेट 1986 मध्ये अमलात आली.

आज ठाण्याच्या वर्तमानपत्रांत देवमासा दिसतो तो 'उलटी' जप्त झाल्याच्या बातम्यांत. ही उलटी म्हणजे अंबर. स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकूळांच्या न पचलेल्या चोचींभोवती ते साठते आणि अत्तराचा वास टिकवायला वापरले जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तरी कोटींच्या आकड्यांना भुलून तरुण मुले दलालांच्या नादी लागतात आणि कोठडीत जातात. ज्या प्राण्याचे तेल आपल्या आजीने पणतीत कधी घातले नाही, त्याच्यापायी नातवाने तुरुंग पाहावा, याला उजेड म्हणता येत नाही.