उशिरा निघालेल्यांची शर्यत

ससा-कासवाची गोष्ट मुलांना सांगताना आपण एका मुद्द्यावरून घाईघाईने पुढे जातो. कासव जिंकले हे खरे. पण ते जिंकले ससा झोपला म्हणून. ससा जागा राहिला असता तर कासवाच्या चिकाटीचे काय झाले असते, हे गोष्ट सांगत नाही. बाजारात मात्र हाच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो, कारण तिथले ससे सहसा झोपत नाहीत. आणि गंमत अशी, की या प्रश्नाची सर्वांत स्वच्छ उत्तरे सापडतात ती मुलांच्या एका खेळण्यात. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रात, म्हणजे कन्सोलमध्ये.

स्वच्छ अशासाठी, की या शर्यतीत धावणारे मोजकेच असतात. जपानच्या सोनी आणि निन्तेंदो, अमेरिकेची मायक्रोसॉफ्ट आणि एके काळी जपानचीच सेगा. पाच-सहा वर्षांनी प्रत्येकाचे एक नवे यंत्र निघते आणि मग किती खपले याचे आकडे बाहेर येत राहतात. पहिल्या वर्षी कोण पुढे होता आणि शेवटी कोण, हे ताडून पाहता येते. साबणाच्या किंवा चहाच्या बाजारात इतकी सोय नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ही यंत्रे आली ती जरा आडवाटेने. निन्तेंदोच्या धर्तीवर बनवलेले ‘लिटल मास्टर’सारखे खोके, कॅसेट फुंकून पुन्हा खोचायची सवय, ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’. सुट्टीत एका घरी खोका आला की सगळ्या मजल्यावरची मुले तिथे. कोणती कंपनी जगात पुढे आहे याच्याशी तेव्हा कुणालाच देणेघेणे नव्हते. ते देणेघेणे सुरू झाले कंपन्या स्वतःच्या नावाने भारतात उतरल्या तेव्हा. कारण मग किमती हजारांत गेल्या आणि चुकीचे यंत्र घेण्याची भीती घराघरांत शिरली.

चाळीस हजारांचा खोका

मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आले. साध्या मॉडेलची किंमत सुमारे २० हजार रुपये. सोनीचे ‘प्लेस्टेशन ३’ आले एप्रिल २००७ मध्ये, सुमारे ४० हजारांना. जगभर हेच चित्र होते. एक्सबॉक्स अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्येच विक्रीला लागले होते. प्लेस्टेशन एक वर्ष उशिरा आले, तेही ४९९ आणि ५९९ डॉलर अशा किमतींना. त्याच नोव्हेंबरात निन्तेंदोचे ‘वी’ २४९ डॉलरला आले आणि आजी-आजोबांनाही हात हलवून टेनिस खेळायला लावू लागले. सोनी दोन्हींच्या मागे पडली.

माझी थोरली बहीण तेव्हा आरे कॉलनीत राहायची. भावोजी दुग्धविकास खात्यात, म्हणून क्वार्टर. २००७ च्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो तर भाचा वाटच पाहत होता. आठवीत होता. त्याने एका वहीत दोन्ही यंत्रांच्या किमती, गेमची नावे, विक्रीचे आकडे लिहून ठेवले होते.

‘‘मामा, प्लेस्टेशन थ्री आत्ता मागे आहे, पण पुढे जाईल असं सगळे म्हणतात. तू सांग ना बाबांना.’’

भावोजी पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, ‘‘चाळीस हजारांत चांगली दुभती म्हैस येते.’’

आम्ही हसलो. पण भाच्याच्या प्रश्नात हसण्यासारखे काही नव्हते. वडिलांच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी वस्तू घ्यायची, तर ती हरणारी निघू नये, एवढेच तो विचारत होता. यंत्र मागे पडले की गेम बनवणाऱ्या कंपन्या पाठ फिरवतात, नवे गेम येत नाहीत आणि खोका टीव्हीखाली धूळ खात पडतो. जिंकण्या-हरण्याचा संबंध घरच्या पैशांशी असतो तो असा.

मागून येऊन गाठले, पण कसे?

भाच्याचे भाकीत खरे ठरले. सोनीने २००९ मध्ये बारीक अंगाचे नवे मॉडेल काढून अमेरिकेतली किंमत २९९ डॉलरवर आणली. दरम्यान एक्सबॉक्सला दुखणे जडले होते. यंत्र बंद पडायचे आणि त्यावर तांबडे दिवे लागायचे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. सोनीच्या यंत्रावर चांगले गेम हळूहळू येत राहिले. अखेर प्लेस्टेशन ३ चा खप ८ कोटी ७४ लाखांच्या पुढे गेला. एक्सबॉक्स ३६० चे जाहीर आकडे २०१४ मध्ये सुमारे ८ कोटी ४० लाखांवर थांबले. थोडक्यात का होईना, पण उशिरा निघालेला पुढे गेला असेच बहुतेक मानतात.

पण या विजयाची दुसरी बाजूही पाहायला हवी. प्लेस्टेशन ३ ने गाठले ते दुसऱ्याला. पहिला धावणारा, म्हणजे निन्तेंदोचे वी, १० कोटींच्या पुढे जाऊन बसला होता. आणि पहिल्याच आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३ हजार कोटी येनहून अधिक तोटा झाला. प्रत्येक यंत्र बनवायला जेवढा खर्च येई, त्यापेक्षा कमी किमतीत ते विकले जात होते. हा तोटा सोसणारी इतर खाती सोनीपाशी होती, म्हणून ती टिकली.

सेगापाशी तशी खाती नव्हती. तिच्या ‘ड्रीमकास्ट’ची सुरुवात तर संथही नव्हती. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत पहिल्या २४ तासांतच जवळजवळ १० कोटी डॉलरची विक्री झाली. पण सोनीचे ‘प्लेस्टेशन २’ येणार, त्यावर डीव्हीडीही बघता येणार, या बातमीनेच गिऱ्हाइके थांबली. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. एकूण खपली ती सुमारे ९१ लाख. म्हणजे वेगाने निघालेलाही आपटतो. त्याआधी १९९४ मध्ये याच सेगाचे ‘सॅटर्न’ जपानात पहिल्या प्लेस्टेशनच्या पुढे होते. पुढे प्लेस्टेशन १० कोटींवर गेले आणि सॅटर्न एक कोटीही गाठू शकले नाही.

संथ सुरुवातीतून सावरण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे निन्तेंदोचे हातात धरून खेळायचे ‘थ्रीडीएस’. फेब्रुवारी २०११ मध्ये ते जपानात आले आणि दुकानांत पडून राहिले. सहा महिन्यांच्या आत कंपनीने किंमत २५ हजार येनवरून १५ हजार येनवर आणली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला आणि आधी जास्त पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांना २० जुने गेम फुकट दिले. वर्षाखेर मारिओचे दोन नवे गेम आले आणि गाडे रुळावर आले. एकूण खप साडेसात कोटींच्या पुढे गेला.

हीच कंपनी, हाच मारिओ. पण २०१२ चे ‘वी यू’ मात्र सावरले नाही. ते नवे यंत्र आहे की जुन्या ‘वी’चा जोड-भाग, हेच अनेकांना कळले नाही. बाहेरच्या कंपन्यांनी गेम देणे आखडते घेतले. निन्तेंदोचे स्वतःचे उत्तम गेमही त्याला वर काढू शकले नाहीत. खप थांबला १ कोटी ३५ लाखांवर. त्यातलेच काही गेम पुढे ‘स्विच’ या यंत्रावर आले आणि धो-धो खपले. गेम वाईट नव्हते. त्यांना घर चुकीचे मिळाले होते.

आरे आणि आणंद

भाच्याने हा प्रश्न आरेत विचारावा हा एक सुंदर योगायोग. कारण उशिरा वाढलेला पुढे कसा जातो, याचा एक मोठा धडा त्याच्या खिडकीबाहेरच पसरला होता.

मुंबईतले तबेले शहराबाहेर न्यावेत, म्हशी स्वच्छ जागेत राहाव्यात आणि शहराला चांगले दूध मिळावे, या हेतूने १९४९ मध्ये ही दुग्ध वसाहत उभी राहू लागली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. सुमारे १,३०० हेक्टर जागा, हजारो म्हशी, क्रमांक लावलेली युनिटे. दूध आयुक्त दारा खुरोडी यांची ही कर्तबगारी पाहायला दूरदूरचे लोक येत. आरेच्या काचेच्या बाटल्या आणि पहाटेची दूध केंद्राची रांग ही मुंबईच्या दोन पिढ्यांची आठवण आहे.

याच सुमारास गुजरातेत आणंदला १९४६ मध्ये शेतकऱ्यांचा एक लहानसा दूध संघ निघाला होता. सुरुवातीला रोजचे दूध जेमतेम २५० लिटर. पुढे त्यांचे दूध मुंबईच्याच सरकारी योजनेसाठी येऊ लागले. म्हणजे आरे हे मोठे घर आणि आणंद त्याला दूध घालणारे. तोच संघ पुढे ‘अमूल’ झाला. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन या तिघांना मिळून मिळाला, तेव्हा आरे आणि आणंद एका ओळीत उभे होते. आज मुंबईत सकाळी दाराला अडकवलेल्या पिशवीवर आरेचे नाव क्वचितच दिसते.

हे असे का झाले, याची कारणे अनेक असतील. मला त्यातले एक फार बोलके वाटते. आरेतल्या म्हशींची संख्या कुंपणाने ठरवून दिली होती. युनिटे भरली की वाढ संपली. आणंदला कुंपण नव्हते. एक गाव जोडले की दुसरे, दुसऱ्यामागे तिसरे. सुरुवात संथ होती, पण वाढीची वाट उघडी होती.

कन्सोलचेही नेमके हेच आहे. कोण उशिरा निघाला यापेक्षा तो कशामुळे मागे आहे हे पाहावे. किंमत जास्त म्हणून मागे असेल, तर किंमत उतरवता येते. प्लेस्टेशन ३ आणि थ्रीडीएस दोघांनीही तेच केले. गेम कमी म्हणून मागे असेल, तर बनवणारे अजून सोबत आहेत का ते पाहावे. ते असतील तर दर वर्षी एक-एक गाव जोडले जाते. पण हे यंत्र कशासाठी आहे हेच लोकांना उमगत नसेल, बनवणारे निघून गेले असतील आणि मालकाचा खिसाही रिकामा असेल, तर कितीही वाट पाहून ते पुढे जात नाही. आणि पुढचा अडखळला तर मागच्याचे काम सोपे होते, ही कासवाच्या गोष्टीतली गोष्ट इथेही खरीच.

कंपनीची वर्षे, मुलाची वर्षे

मग घरच्यांनी काय करावे? त्या दिवाळीत आम्ही दोन्ही नवी यंत्रे सोडून दिली आणि जुने प्लेस्टेशन २ घेतले. ते निम्म्याहूनही बऱ्याच कमी पैशांत मिळाले. त्या वेळी त्याला कुणी शर्यतीत धरत नव्हते. पण ते २०१३ पर्यंत बनत राहिले आणि एकूण साडेपंधरा कोटींच्या पुढे खपून सर्वांच्या वर जाऊन बसले. २००९ मध्ये तर त्यावर हैदराबादेत बनलेला ‘हनुमान’चा गेमही आला. क्वार्टरमधली चार-पाच मुले एका रिमोटसाठी भांडत संध्याकाळभर क्रिकेट खेळायची. पावसाळ्यात झाड पडून वीज गेली की ओट्यावर येऊन तोच सामना तोंडी पुढे चालवायची.

प्लेस्टेशन ३ ने एक्सबॉक्सला गाठल्याच्या बातम्या आल्या, तोवर भाचा कॉलेजात पोचला होता. मी त्याला मुद्दाम सांगितले, तुझे म्हणणे खरे झाले. ‘‘हो का?’’ म्हणाला आणि लोकल पकडायला धावला.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. कंपनीला आठ वर्षे थांबता येते. तिच्यासाठी तो एका ताळेबंदातून दुसऱ्यात जाणारा तोटा असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आठ वर्षे थांबता येत नाही, कारण तेवढ्यात ते मूल राहत नाही. शेवटी कोण जिंकेल हा भागधारकांचा प्रश्न आहे. घरच्यांनी विचारायचे ते एवढेच: आपल्या मुलाला आवडतील असे चार गेम आज यावर आहेत का? आणखी दोन-तीन वर्षे येत राहतील का? आणि शेजारच्या मुलांनाही बरोबर बसून खेळता येईल का?

तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर मागे पडलेले यंत्रही निर्धास्त घ्यावे, आणि ‘नाही’ असेल तर पहिल्या क्रमांकाचेही घेऊ नये. उशिरा निघालेला कधी कधी पुढे जातो. पण त्याच्यासाठी मुलाचे लहानपण ताटकळत ठेवावे, इतकी ती शर्यत मोठी नाही.