हिवाळी पदभ्रमंती आणि भूदृश्यांचे छायाचित्रण : सह्याद्री व कोकण किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अभ्यास सहली प्रामुख्याने डिसेंबर आणि जानेवारी या महिन्यांत निघतात. पाऊस संपलेला असतो आणि चालण्यास हवा अनुकूल असते. या सहलींत शेकडो छायाचित्रे घेतली जातात. तथापि विभागाच्या फाईलमध्ये अखेर जी लागतात, त्यांत फलक धरून एका रांगेत उभे असलेले विद्यार्थी व प्राध्यापक स्पष्ट दिसतात. ज्या कड्यासाठी सहल काढली तो कडा मात्र मागे पांढुरका पडदा होऊन राहतो. भूदृश्याचे छायाचित्र हे क्षेत्र अभ्यासाचे साधन होय. ते साधन म्हणून उपयोगी पडावयाचे असेल तर हिवाळ्यातील प्रकाश, हवा आणि भरती-ओहोटी यांचा विचार आधीच करावा लागतो. प्रस्तुत लेखात सह्याद्री व कोकण यांपुरते हे विवेचन केले आहे.

सूर्याची उंची व दिशा :

22 डिसेंबरच्या सुमारास पुण्याच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश उंचीवर असतो. मे महिन्याच्या मध्यास तोच जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी सपाट दिसणारा डोंगर हिवाळ्यात भर दुपारीही सावल्यांनी उठून दिसतो. दिवस सुमारे 11 तासांचा असतो. सूर्य नेमका पूर्वेस न उगवता जवळजवळ 25 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, तसाच नैऋत्येकडे झुकून मावळतो. याचा अर्थ असा की डिसेंबरमध्ये उत्तराभिमुख कड्यावर दिवसभर ऊन पडत नाही.

सह्याद्रीचा मुख्य उतार पश्चिमाभिमुख आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा सकाळी स्वतःच्याच सावलीत असतो. दुपारी तीननंतर तिरपा प्रकाश त्यावर पडू लागला की लाव्हारसाचे एकावर एक साचलेले थर पायऱ्यांप्रमाणे वेगळे होतात. पहाटे उठून माथा गाठण्याचा आपला आग्रह सूर्योदयासाठी ठीक आहे. थरांच्या अभ्यासासाठी मात्र सायंकाळपर्यंत गडावर थांबण्याची तयारी हवी.

बेसॉल्ट खडक काळा असतो, ही बाबही लक्षात घ्यावी. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे चौकट काळ्या खडकाने भरली असता तो प्रकाश अधिक घेतो व खडक राखाडी उमटतो. धुके, पांढरी वाळू किंवा हिमाचल प्रदेशातील बर्फ समोर असता उलट घडते, बर्फ मळकट दिसतो. म्हणून खडकासाठी प्रकाश थोडा कमी आणि बर्फासाठी एक ते दोन स्टॉप अधिक द्यावा लागतो. आजच्या मोबाईलमध्येही ही सोय असते.

धुके आणि धूसरता :

निरभ्र रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून वेगाने थंड होते. तिला लागून असलेली हवा थंड व जड होऊन उतारावरून खोलगट भागात उतरते. परिणामी दरीत थंड हवा आणि वर तुलनेने उबदार हवा अशी तापमानाची विपरीत स्थिती निर्माण होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या काही पहाटे दवबिंदू गोठतात, त्यामागे हेच कारण आहे. वर्तमानपत्रे त्यास बर्फवृष्टी म्हणतात, ते शास्त्रदृष्ट्या बरोबर नाही; हे बर्फ आकाशातून पडत नाही, गवताच्या पात्यावरच तयार होते. ते टिपण्यासाठी सूर्योदयापूर्वी पोहोचावे लागते.

वरची उबदार हवा झाकणासारखे काम करते. दरीतील धुके, चुलीचा धूर आणि रस्त्यावरची धूळ तिच्याखाली कोंडून राहते. ऊन तापल्यावर धुके विरते, धूळ मात्र वर पसरते. हवेच्या रेणूंमुळे निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरला जातो, म्हणून दूरचे डोंगर निळसर दिसतात. धूळ व धुराचे कण त्या मानाने मोठे असल्याने ते सर्वच रंग जवळपास सारखे विखुरतात आणि पार्श्वभूमी पांढुरकी होते. फाईलमधील पांढुरका पडदा तो हाच. सूर्याशी काटकोन करून उभे राहिल्यास व ध्रुवीकरण फिल्टर वापरल्यास तो काही अंशी कमी होतो.

किनारा आणि तिथी :

किनाऱ्यावरील छायाचित्रणात कॅमेऱ्यापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ साधारणपणे मिळते, हा जुना हिशेब आहे. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती व बाराच्या सुमारास ओहोटी येते. ही भांगाची भरती असल्याने पाणी फारसे मागे जात नाही, शिवाय ऊन डोक्यावर असते. पौर्णिमा किंवा अमावास्येस भरती मध्यान्हीच्या आसपास आणि ओहोटी सकाळी व सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास येते. म्हणजे उधाणाच्या दिवशी जेव्हा पाणी सर्वांत अधिक मागे हटते, नेमक्या त्याच वेळी प्रकाश तिरपा व तांबूस असतो. ओल्या वाळूवरील लहरींच्या खुणा आणि लाटांनी कापलेले खडकाळ चबुतरे यांच्यासाठी याहून चांगला योग नाही. दक्षिणेकडील बंदरांसाठी या वेळांत फरक पडतो, म्हणून छापील कोष्टक पाहणे इष्ट.

हाच योग धोक्याचाही आहे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर लाटांनी झिजवलेला चबुतरा व खडकातील मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पाहण्यासारखी आहेत, आणि तेथेच लाटांनी माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. सायंकाळची ओहोटी संपून पाणी परत फिरते तेव्हा अंधार पडू लागलेला असतो. भरती एकसारख्या गतीने येत नाही. पहिल्या तासात पाणी थोडेच चढते; तिसऱ्या व चौथ्या तासात मिळून एकूण चढापैकी सुमारे निम्मा चढ होतो. पहिल्या तासाच्या अनुभवावर विसंबून विद्यार्थी पुढच्या खडकावर जातात. सहलीची तारीख वाहनाच्या उपलब्धतेवर ठरते हे खरे. परंतु तिथी पाहून परतीची वेळ ठरवणे आणि ती चालण्यापूर्वी सर्वांना सांगणे ही सोबतच्या प्राध्यापकाची जबाबदारी आहे. लाटांकडे पाठ करून छायाचित्र घेण्यास सरळ मनाई असावी.

छायाचित्राची नोंद :

आल्प्समधील हिमनद्यांचे त्याच त्या ठिकाणाहून पुनःपुन्हा छायाचित्रण करण्याची पद्धत 1880 च्या दशकात सुरू झाली आणि हिमनद्या किती मागे हटल्या याचा पुरावा त्यातून उभा राहिला. आपल्या विभागांना हे करणे अवघड नाही, कारण बहुतेक सहली दरवर्षी त्याच चार-पाच ठिकाणी जातात. एखादा न हलणारा बिंदू, उदाहरणार्थ मंदिराची पायरी किंवा बुरुजाचा कोपरा, निश्चित करून तेथूनच त्याच दिशेने दरवर्षी एक छायाचित्र घ्यावे. वहीत स्थळ, दिनांक, वेळ, तिथी, दिशा व भिंगाचे केंद्रांतर लिहावे. जवळच्या दृश्यात मोजपट्टी किंवा हातोडा ठेवावा. किनाऱ्यावर भरती-ओहोटीची स्थिती नोंदविलेली नसेल तर पुळण झिजली की केवळ पाणी चढले होते, हे नंतर सांगता येत नाही.

मूळ फाईल स्वतंत्र जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविलेल्या प्रतीतून वेळ व स्थान यांची माहिती गळून जाते व तपशीलही दाबला जातो; विभागाकडे बहुधा तीच प्रत पोहोचते.