छातीतलं यंत्र, घरातलं पथ्य

हृदयाचे ठोके एकाएकी बेफाम झाले, की माणूस उभ्या उभ्या कोसळतो. अशा वेळी आतल्या आत विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारे यंत्र म्हणजे आय.सी.डी., म्हणजेच शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर. ऑपरेशन डॉक्टर करतात. पुढचा महिना-दीड महिना मात्र घरच्या बाईलाच सांभाळायचा असतो.

आमच्या अजिंठ्यात कुणी ऑपरेशन करून आले, की भेटायला येणारी प्रत्येक जण एकेक पथ्य सांगून जाते. एक म्हणते, ‘हात मुळीच हलवू द्यायचा नाही हो!’ दुसरी म्हणते, ‘छे, आमचे भाऊजी चौथ्या दिवशी हात वर करून केस विंचरत होते!’ भगिनींनो, दोघीही खऱ्या असू शकतात. कारण यंत्र वेगळं, तर पथ्यही वेगळं. म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : ‘डॉक्टर, आमचं यंत्र कोणत्या प्रकारचं?’

४ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात असे यंत्र माणसाला प्रथम बसवले गेले. कल्पना डॉ. मिशेल मिरोवस्की यांची. त्या वेळी छाती उघडावी लागे आणि यंत्राची डबी पोटात बसवत. आता तसे क्वचितच करावे लागते.

आज सर्वांत जास्त वापरात आहे तो शिरेतून तार घालण्याचा प्रकार. बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली डबी बसवतात आणि तार शिरेतून हृदयात सोडतात. दुखणे बेताचे असते, एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पण तार आत नीट धरेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. माळ्यावरचा डबा काढणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, हंडा उचलणे, लेकराला कडेवर घेणे बंद! मात्र हात अगदी बांधून ठेवला, तर खांदा आखडतो. कोपर, मनगट हलवावे, खांद्याच्या खाली हात सहज वापरावा.

दुसरा प्रकार कातडीखालच्या तारेचा. अमेरिकेत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. डबी डाव्या काखेखाली बरगड्यांवर आणि तार छातीच्या मधल्या हाडालगत असते. हृदयात काहीच नसल्याने हातावरची बंधने कमी. पण डबी मोठी, त्यामुळे पहिले काही दिवस दुखते जास्त. डाव्या कुशीवर झोपवत नाही. आपल्या बायकांना ब्रेसियरचा पट्टा नेमका तिथेच काचतो. ऑपरेशनपूर्वी पट्ट्याची जागा डॉक्टरीणबाईंना किंवा सिस्टरना दाखवून ठेवावी. संकोच करू नये. हे यंत्र नेहमीच्या पेसमेकरचे काम मात्र करीत नाही. म्हणून ते सर्वांनाच चालत नाही.

तिसरा प्रकार नवा. त्यात डबी काखेखालीच, पण तार छातीच्या हाडामागे असते. अमेरिकेत त्याला २०२३ साली मान्यता मिळाली. पूर्ण भूल देऊन हे ऑपरेशन करतात, आणि काखेखालची काळजी दुसऱ्या प्रकारासारखीच.

काही गोष्टी मात्र तिन्ही प्रकारांना लागू आहेत. जखम कोरडी ठेवा. हळद, तेल काही लावू नका. लाली, सूज, पू किंवा ताप दिसला, तर डॉक्टरांकडे जा. शिरेतल्या तारेला जंतुसंसर्ग झाला, तर तो रक्तात उतरू शकतो. मोबाईल यंत्रापासून सहा इंच दूर हवा, म्हणजे ब्लाऊजमध्ये खोचायचा नाही आणि शर्टाच्या खिशातही नाही. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट दूर राहा. गॅसची भीती नाही. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्यापर्यंत सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास मोटारीने करायचा, तर रोग्याला मागे, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जागेवर बसवा; तिथे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, डावी बाजू मोकळी राहते.

झटका बसला तर? एकच बसला आणि लगेच बरे वाटले, तर डॉक्टरांना फोन करून विचारा. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरही चक्कर, धाप, छातीत दुखणे असेल, तर वेळ न दवडता १०८ला फोन करा. त्या क्षणी तुमचा हात रोग्याच्या अंगावर असला, तर फार तर मुंग्या येतील; तुम्हाला इजा होत नाही. म्हणून यजमानांच्या शेजारी झोपायला भिऊ नका.

डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन जून २०२१मध्ये भर सामन्यात कोसळला. त्याला असेच यंत्र बसवले आणि फेब्रुवारी २०२२मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. आपल्या माणसाला मैदान गाठायचे नसेल. अंगण, दुकान, देऊळ गाठायचे असेल. त्याला जपा, पण खुर्चीला खिळवून ठेवू नका. आणि यंत्राचे ओळखपत्र पाकिटात कायम असू द्या!