हॉस्पिसमधली परिचारिका: हातातले कौशल्य आणि बढतीची वाट

हॉस्पिसमध्ये ऑपरेशन थिएटर नसते, आयसीयू नसते आणि बहुतेक ठिकाणी डॉक्टरही चोवीस तास हजर नसतो. चोवीस तास असते ती परिचारिका. आजार बरा होण्याची शक्यता संपलेली असते, पण रुग्णाचे दुखणे, धाप, उलट्या, जखमा आणि भीती संपलेली नसते. हे सगळे हलके करणे हे इथले काम. या शाखेला पॅलिएटिव्ह किंवा उपशामक सेवा म्हणतात. आधुनिक हॉस्पिस चळवळ ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या सिसिली साँडर्स मूळच्या परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर त्या रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, मग वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. दुखणे शरीरापुरते नसते, त्यात घरच्यांची काळजी, पैशाची चणचण आणि मरणाची धास्ती मिसळलेली असते, ही त्यांची मांडणी आजही या शाखेच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा आहे.

भारतातले पहिले हॉस्पिस मराठी वाचकाच्या ओळखीच्या शहरात, मुंबईला वांद्र्यात, 1986 मध्ये शांती अवेदना सदन या नावाने सुरू झाले. पुण्यात वारजे इथले सिप्लाचे केंद्र 1997 चे. चेन्नईत अड्यारचे कॅन्सर इन्स्टिट्यूट 1954 पासून असल्याने कर्करोगाचे रुग्ण दूरदूरहून, अगदी बंगाल-आसामातूनही, या शहरात येत राहिले. उपचार थांबल्यावर त्यांचे काय, हा प्रश्न इथे लवकर उभा राहिला. उत्तर चेन्नईत माधवरमजवळ मात्तूरला डॉ. मंजुळा कृष्णस्वामी यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘जीवोदया’ हे कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचे मोफत हॉस्पिस त्यातूनच आले. दीपा मुथय्या यांच्या डीन फाउंडेशनसारख्या संस्थांनी घरी जाऊन सेवा देण्याचा मार्ग धरला. या सगळ्या ठिकाणी कामाचा मुख्य भार परिचारिकांवर असतो. बढत्यांच्या तक्त्यात मात्र त्याचा पत्ता लागत नाही.

कौशल्यांत पहिले येते ते दुखणे ओळखण्याचे. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या या सगळ्यांना एकच गोळी चालत नाही. हाडात पसरलेल्या कर्करोगाचा ठणका वेगळा, आतडे अडल्याने येणारी कळ वेगळी. आग होते, विजेसारखी चमक येते असे रुग्ण सांगत असेल, तर दुखणे मज्जातंतूचे असण्याची शक्यता मोठी, आणि त्यावर मॉर्फीनच्या जोडीला गॅबापेंटिनसारखे औषध लागते. शून्य ते दहा या पट्टीवर रुग्णाला आकडा विचारतात, पण मुरलेली परिचारिका आकड्यावर थांबत नाही. रात्री किती वेळा जाग आली, कुशीवर वळता येते का, जेवताना घास थांबतो का, हे ती विचारते. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या कपाळावरच्या आठ्या आणि घट्ट मिटलेल्या मुठी हीच तिची पट्टी असते.

मॉर्फीनबाबतचे ज्ञान हा या कामाचा कणा. तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फीनचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ते दुखल्यावर नव्हे तर घड्याळाप्रमाणे द्यायचे असते: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. दहा मिलिग्रॅमची गोळी या हिशेबाने चालू असेल तर दिवसाचे साठ मिलिग्रॅम होतात. मध्येच कळ आली तर त्याचा सहावा भाग, म्हणजे आणखी दहा, वरून देता येतात. समजा एका दिवसात अशा तीन जादा गोळ्या लागल्या. बेरीज नव्वदवर गेली. दुसऱ्या दिवसापासून दर वेळचा डोस पंधरा करायला हवा, हे परिचारिका मांडते आणि डॉक्टर सही करतात. मॉर्फीन सुरू झाल्या दिवसापासून जुलाबाचे औषध सुरू नसेल, तर आठवड्याभरात रुग्ण दुखण्यापेक्षा बद्धकोष्ठानेच जास्त हैराण होतो, आणि दोष मॉर्फीनच्या माथी जातो. मूत्रपिंडे थकलेल्या रुग्णाचे हातपाय झोपेत झटके देऊ लागले तर औषध अंगात साठते आहे, हे तिच्या लक्षात आधी यावे लागते, कारण राउंडवरचे डॉक्टर रुग्णाला झोपेत पाहत नाहीत.

याच औषधामुळे कागदपत्रांचे कौशल्यही आले. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर एकदम घसरला. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे अत्यावश्यक ठरवली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला ती ठेवणे सोपे झाले. तरी कुलूपबंद कपाट, प्रत्येक गोळीची नोंद आणि शिल्लक साठ्याची मोजदाद हे सगळे आहेच. नोंदवहीतली एक गोळी जुळली नाही, तर ड्यूटी संपली तरी घरी जाता येत नाही.

जखमांची निगा हे दुसरे मोठे अंग. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग फार, आणि त्यातल्या काहींत गाल किंवा मान फुटून जखम बाहेर येते. ती जखम भरून येणार नसते, हे आधी मान्य करावे लागते. मग उद्दिष्ट बदलते: वास कमी करणे, रक्तस्राव टाळणे, रुग्णाला चारचौघांत बसता येईल असे ड्रेसिंग करणे. जुने ड्रेसिंग ओढून काढायचे नसते, सलाइनने भिजवून सोडवायचे असते. त्याआधी अर्धा तास मॉर्फीनचा जादा डोस दिला तर रुग्ण ड्रेसिंगच्या वेळेला घाबरत नाही. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकली की दुर्गंधी दोन-तीन दिवसांत उतरते. अळ्या पडल्या असतील तर टर्पेंटाइनचा बोळा जवळ धरून त्या बाहेर आणून चिमट्याने काढतात. यात महागडे काही नाही. पण नाकाला पदर न लावता, चेहऱ्यावर आठी न आणता हे करणे शिकवून येत नाही असे म्हणतात, ते पूर्ण खरे नाही. ज्येष्ठ सिस्टरबरोबर उभे राहूनच ते येते.

शय्याव्रणांबाबत मराठी वाचकाला एक उदाहरण माहीत असते. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग 1973 पासून अंथरुणाला खिळल्या होत्या. 2011 साली त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला होते, तेव्हा त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी आवर्जून नोंदवले की इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झालेला नाही. केईएम हे हॉस्पिस नव्हे. पण दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीची सुरकुती काढणे, त्वचा कोरडी ठेवणे या गोष्टी किती पाळ्यांतून, किती हातांनी, न चुकता झाल्या असतील, याचा तो अहवाल पुरावा आहे. या कामासाठी कुठल्याही सेवापुस्तिकेत रकाना नसतो.

शेवटच्या तासांचे ज्ञान सर्वांत कमी शिकवले जाते. घशात घरघर सुरू झाली की नातेवाईक घाबरतात आणि सक्शन लावा म्हणतात. सक्शनने ती फारशी थांबत नाही आणि रुग्णाला त्रास होतो. कुशीवर वळवणे आणि गरज पडल्यास स्राव कमी करणारे इंजेक्शन त्वचेखाली देणे बरे. रक्तदाब मोजत राहणे या वेळी निरर्थक ठरते. तोंडात पाणी घालायची रीत तमिळ घरांत आहे तशी मराठी घरांतही आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या घशात ते अडकू शकते, म्हणून ओठ ओले करू द्यावेत आणि रीतही सांभाळावी, ही तडजोड परिचारिकेलाच सुचवावी लागते.

या सगळ्याहून अवघड बोलणे. ‘पेशंटला काही सांगू नका,’ हे वाक्य चेन्नईत तमिळमध्ये आणि मुंबईत मराठीत रोज म्हटले जाते. रुग्णाला बहुधा कळलेले असते, तोही घरच्यांना सांगू नका म्हणतो, आणि मध्ये उभी असते परिचारिका. खोटे बोलायचे नाही आणि विचारल्याशिवाय काही लादायचेही नाही. ‘तुम्हाला काय वाटते, काय चालले आहे?’ असे विचारून थांबायचे. हे थांबणेच नवशिक्या नर्सला जमत नाही. ती लगेच धीर द्यायला लागते. वाईट बातमी टप्प्याटप्प्याने सांगण्याच्या पद्धती आता प्रशिक्षणात शिकवतात, भूमिका वठवून सरावही घेतात.

शिक्षणाची वाट सर्वसाधारण नर्सिंगचीच: तीन वर्षांची जीएनएम पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी., मग, चेन्नईत काम करायचे तर, तमिळनाडू परिचारिका परिषदेकडे नोंदणी. या परिषदेमागचा कायदा 1926 सालचा, मद्रास इलाख्याच्या काळातला आहे. बी.एस्सी.च्या 2021 च्या सुधारित अभ्यासक्रमात पॅलिएटिव्ह सेवेला जागा मिळाली. त्याआधीच्या पिढ्या हे सगळे वॉर्डातच शिकल्या. नोकरीत आल्यावर इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर या 1994 साली स्थापन झालेल्या संघटनेचा काही आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हे बहुतेकींचे पहिले पाऊल. डॉक्टर आणि परिचारिका दोघांनाही तो खुला आहे. केरळमध्ये परिचारिकांसाठी सुमारे दीड महिन्याचा निवासी अभ्यासक्रम आहे. पुढे कर्करोग नर्सिंगची एक वर्षाची पदविका, दोन वर्षांची एम.एस्सी., आणि ज्यांना शिकवायचे आहे त्यांना पीएच.डी.

मग बढती? इथे वाट अरुंद होते. सरकारी रुग्णालयात शिडी ठरलेली आहे. महाराष्ट्रात ती अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशी चढते; तमिळनाडूत स्टाफ नर्सवरून नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या श्रेण्यांकडे. ही शिडी मुख्यतः सेवाज्येष्ठतेवर चालते आणि प्रत्येक पायरी परिचारिकेला खाटेपासून दूर, ड्यूटीच्या तक्त्यांकडे आणि साठ्याच्या नोंदींकडे नेते. मॉर्फीनचा हिशेब तोंडपाठ असलेली सिस्टर बढतीवर बाळंतपणाच्या विभागात गेली तर नियमाला त्यात काही वावगे दिसत नाही. धर्मादाय हॉस्पिसमध्ये उलट अडचण. तिथे ती जागेवर राहते, पण संस्था लहान असल्याने नर्स आणि सिस्टर इन्चार्ज यांच्या पलीकडे पायरीच नसते, आणि देणग्यांवर चालणाऱ्या ट्रस्टला मोठ्या खासगी रुग्णालयांचा पगार परवडत नाही.

म्हणून प्रत्यक्षात वाढ आडवी होते. कोणी घरसेवेच्या पथकाची प्रमुख होते, कोणी प्रशिक्षक, कोणी कर्करोग रुग्णालयात समन्वयक, कोणी नर्सिंग कॉलेजात अध्यापक. परदेशाचा मार्गही मोठा आहे आणि तिथे या अनुभवाला दर्जा आहे. ब्रिटनमध्ये 1975 पासून मॅकमिलन नर्स हे विशेषज्ञ पद आहे आणि जादा पात्रता मिळवलेली परिचारिका 2012 पासून मॉर्फीनसारखी औषधे स्वतः लिहून देऊ शकते. अमेरिकेत हॉस्पिस नर्सिंगची वेगळी प्रमाणपत्र परीक्षा आहे. तिकडे गेलेली परिचारिका आपल्याकडच्या हॉस्पिसला परत मिळणे कठीण, आणि तिला दोष देण्यातही अर्थ नाही.

तमिळनाडूत गेल्या काही वर्षांत एक नवी पायरी तयार झाली आहे, बढती म्हणून नव्हे तर योजनेच्या ओघात. 5 ऑगस्ट 2021 रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कलै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दारी औषधोपचार, ही सरकारी योजना सुरू झाली. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच देण्यासाठी ती गाजली, पण तिच्यात अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पॅलिएटिव्ह सेवेची परिचारिका आणि फिजिओथेरपिस्टही आहेत. घरी गेलेल्या परिचारिकेला शेजारच्या खाटेजवळची सहकारी विचारायला नसते. कॅथेटर बदलायचा, नाकातली नळी घालायची, सुनेला ड्रेसिंग शिकवायचे, फोनवरून डॉक्टरला नेमके तेवढेच सांगायचे, आणि पुढची भेट परवा हवी की पंधरा दिवसांनी, हे स्वतः ठरवायचे. पायाखालचे पाणी आणि खाटेची उंची पाहून जागच्या जागी उपाय काढणे हे वॉर्डात न लागणारे कौशल्य आहे. जबाबदारी वॉर्डातल्या सिस्टरहून मोठी, पण नेमणुका बहुधा कंत्राटी.

केरळने 2008 साली पॅलिएटिव्ह धोरण आणले आणि पंचायतींमार्फत परिचारिकांच्या घरभेटींवरच ती व्यवस्था उभी केली. महाराष्ट्राचे धोरण 2012 चे, त्याच वर्षी केंद्राचाही राष्ट्रीय कार्यक्रम आला. पद मात्र धोरणाने आपोआप तयार होत नाही. अतिदक्षता विभागासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलने 2017 मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा विशेष शिक्षण, वाढीव अधिकार आणि वेगळे पद यांची सांगड घालण्याचा नमुना देशात तयार झाला. 2023 च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायद्याने जुन्या कौन्सिलच्या जागी नवी नियामक रचना आणायचे ठरवले आहे. घरभेटीवरच्या परिचारिकेला मॉर्फीनचा डोस ठरलेल्या मर्यादेत वाढवण्याचा अधिकार द्यायचा का, त्यासाठी कोणते शिक्षण सक्तीचे करायचे आणि त्या शिक्षणानंतर वेतनश्रेणी कोणती, हे तीन प्रश्न त्या रचनेपुढे एकत्रच येणार आहेत. तोवर डोस वाढवायला डॉक्टरांची सही लागते, आणि रविवारी रात्री ती मिळवणे हेही परिचारिकेच्याच कामात मोडते.